गवळाऊ वासरांची वाढ: पाच एकरांत कप्पे पाडून चराई कशी बसवावी?

बरडमाळ

राजेहो, एक आखणी तपासून पाहिजे आहे.

जागा वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात, पाच एकर पडीत. साडेतीन एकर बरड, हातभरावर मुरूम. खालच्या अंगाला दीड एकर काळी. बरडावर कुसळी गवत जास्त, मधेमधे शेडा आणि पवन्या ही गवतं. काळीत मारवेल गवत आपोआप आलेलं आहे, त्यात तरोट्याचं तण घुसतं. वरच्या टोकाला सिमेंटचा हौद, पाणी बारमाही.

जनावरं गवळाऊ या देशी जातीची: पाच कालवडी, तीन गोऱ्हे, वय ७ ते १४ महिने, सरासरी वजन १३० किलो. सध्या रान सलग मोकळं आहे, त्यामुळे मारवेल ऑगस्टमध्येच बोटभर राहतं आणि कुसळी मात्र कुणी न खाता पिकते. कप्पे किती पाडावे, एका कप्प्यात किती दिवस ठेवावं, आणि रोजची वाढ किती धरून चालावं? जंतांचं काय, तेही सांगा. ढेपेवर (पेंडीवर) वासरं मोठी करायची नाहीत, गवतावर करायची आहेत.

कुटार

आधी पोट मोजा, मग कप्पे.

वाढतं वासरू दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के सुका चारा खातं. १३० किलोला साडेतीन किलो धरा, आठांचे २८ किलो. उभ्या गवतातलं निम्मंच तोंडी जाऊ द्यायचं, निम्मं मागे राहिलं पाहिजे. तुडवण आणि शेणाने खराब होणारं त्या मागे राहिलेल्यातच आलं. म्हणजे रोज ५६ किलो सुकं गवत उभं असलेला तुकडा हवा.

रानात किती आहे हे नजरेने ठरवू नका, नजर दीडपट सांगते. सळईची एक मीटर लांब-रुंद चौकट करा. कप्प्यात पाच ठिकाणी पाठीमागे फेका, नाहीतर हात आपोआप दाट गवताकडे जातो. चौकटीतलं गवत जमिनीलगत कापा, तोला. त्यातलं पाव किलो पत्र्याखाली वाळवून परत तोला. पावसाळ्यात हिरव्याचा साधारण चौथा हिस्सा सुका निघतो.

समजा चौकटीत सरासरी ५०० ग्रॅम हिरवं निघालं. सुकं १२५ ग्रॅम. एकरात ४०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी ५०० किलोच्या आसपास. ५६ किलोसाठी रोज साडेचार गुंठे, तीन दिवसांना साडेतेरा गुंठे. गवताला ३० दिवस विश्रांती द्यायची तर ३० भागिले ३, अधिक चरत असलेला १, असे ११ कप्पे. एकूण १५० गुंठे, पावणेचार एकर. उरलेला सव्वा एकर वाळल्या गवतासाठी राखा, आणि तो काळीतलाच राखा. जुलै लागल्यावर त्यात खूर पडू देऊ नका.

आता हे ३० दिवस काही देवाने ठरवून दिलेले नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये झड आणि ऊन आलटून पालटून मिळालं तर मारवेल २५ दिवसांत तयार. सप्टेंबरात ३५ ते ४० लागतात. ऑक्टोबर सरला की वाढच थांबते, मग विश्रांतीला अर्थ उरत नाही, उभं गवत पुरवून पुरवून खाऊ घालणं एवढंच हातात राहतं. म्हणून कॅलेंडर न पाहता गवत पाहा: मारवेल ३० ते ३५ सेंटिमीटर झालं की वासरं आत, १०-१२ वर आलं की बाहेर. शेडा-कुसळीला २५ वर आत, ८-१० वर बाहेर. पावसाने दडी मारली तर कप्पे भराभर बदलण्याची चूक करू नका. वाढ मंदावली की फेराही मंद करायचा, आणि मधली तूट कुटार (मळणीनंतरचा भुसा) टाकून भरायची.

धुऱ्यावरचा

अकरा कप्पे म्हंजे तारच किती लागन भाऊ? त्यापरीस सहा करा, पाच-पाच दिवस ठेवा. विश्रांती तं पंचवीस दिवसाची होतेच ना.

कुटार

@धुऱ्यावरचा, विश्रांतीचं गणित बरोबर आहे, अडचण मुक्कामाच्या पाच दिवसांत आहे. पावसाळ्यात चरलेलं ठोंब तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोवळा फुटवा काढतं. वासराला जुन्या पानापेक्षा तोच आवडतो. तो खाल्ला की ठोंबाने मुळातला साठा खर्चून काढलेली पालवी गेली, आणि पुढची पालवी काढायला साठा नाही. असं दोन-तीन फेरे झाले की मारवेल मरतं आणि त्याच्या जागी तरोटा येतो. बरडमाळ भाऊंच्या काळीत हेच चाललेलं दिसतं. सलग चराईत जनावर जास्त खातं म्हणून रान बिघडत नाही, तेच ठोंब परत परत खातं म्हणून बिघडतं.

मधला मार्ग आहे. पक्के कप्पे सहा करा आणि प्रत्येकाच्या मधोमध सरकती तार लावा. झाले बारा, आणि तार निम्मीच.

वाफसा

तारेचं मी सांगतो.

सोलरचं झटका मशीन, १२ व्होल्टची बॅटरी. वासरांसाठी दोन तारा: खालची जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, वरची ७५ ते ८०. एकच तार उंच लावली तर सात महिन्यांचं वासरू खालून सरळ निघून जातं. बाहेरचं कुंपण २ ते अडीच मिलिमीटरच्या जीआय तारेचं, कोपऱ्याला पक्के खांब आणि तिरपा आधार, मधले खांब २५-३० फुटांवर, प्रत्येक ठिकाणी इन्सुलेटर. सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळणं चालतं असं सांगणारे भेटतील. पहिल्या झडीत ते ओले होतात आणि करंट खांबातून उतरतो.

निम्म्याहून जास्त मशीन 'खराब' ठरतात ती अर्थिंगमुळे. सहा फुटी जीआय सळया तीन, एकमेकींपासून दहा फुटांवर, एकाच तारेने जोडलेल्या. काळ्या जमिनीत हे पावसाळ्यात झकास चालतं, पण मार्चपासून जमीन भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते आणि झटका लागत नाही. अर्थिंग हौदाच्या सांडव्याजवळ घ्या, तिथे ओल टिकते. बरडावर मुरूम सळई आत जाऊ देत नाही, तेव्हा अर्थिंग काळीत आणि तार वर, असंच करावं लागेल.

तारेवर टेस्टर लावून पाहा, शेवटच्या टोकाला ३ हजार व्होल्टच्या खाली यायला नको. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की व्होल्टेज पडतो. खालच्या तारेखाली दोन फूट पट्टा विळ्याने साफ ठेवा. तणनाशक मारू नका, वासरं तिथेच तोंड घालतात.

नवीन वासरांना आधी कोठ्याजवळ (गोठ्याजवळ) लहान वाड्यात तार लावून दोन दिवस ठेवा. नाकाला एकदा झटका बसला की पुढे धाकानेच काम होतं. थेट रानात सोडलीत तर पहिल्या झटक्याला मागे सरण्याऐवजी पुढे उधळतात आणि तार घेऊन जातात.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर तार तोडणारच. म्हणून सकाळी फेरी हवी. आणि लाइनचा करंट तारेत सोडायचा विचारसुद्धा नको. तो गुन्हा आहे, त्यात माणसं आणि वाघ दोन्ही मेलेत आपल्याकडे.

बरडमाळ

वाफसा भाऊ, पाण्याचं कसं? हौद वरच्या टोकाला एकच आहे.

वाफसा

सगळ्या कप्प्यांची तोंडं एका दहा फुटी पांदणीवर (वाटेवर) काढा, पांदण हौदाकडे. अंतर दोनशे मीटरपर्यंत असेल तर चालतं. त्याहून लांब असेल तर वासरं कळपाने एकदाच पाण्यावर जातात, तिथेच बसून राहतात, आणि सगळं शेण हौदाजवळ पडतं, रानात पडत नाही. लांबच्या कप्प्यांना दोनशे लिटरचा अर्धा कापलेला ड्रम आणि काळा पाइप. पाइप गवताखाली झाका, नाहीतर एप्रिलमध्ये त्यातून कढत पाणी येतं.

डॉ_कोठा

जंतांविषयी. हा विषय लोक 'दर तीन महिन्यांनी औषध' म्हणून संपवतात, म्हणून जरा सविस्तर.

चरणाऱ्या वासराची वाढ सगळ्यात जास्त अडवतात ते गोलकृमी. शेणातून अंडी पडतात. उष्ण-दमट हवेत पाच ते सात दिवसांत त्यातून अळी तयार होऊन गवतावर चढते. तीन दिवसांत कप्पा सोडला तर वासरू स्वतःच्याच शेणातली ताजी अळी खात नाही. पाच-सहा दिवस ठेवलं तर खातं. तीन दिवसांच्या बाजूने हे माझं कारण, कुटार यांचं गवताचं कारण वेगळं, दोन्ही एकाच आकड्यावर येतात.

पण परत फिरून याल तेव्हा कप्पा स्वच्छ असेल असं समजू नका. आपल्या पावसाळ्यात या अळ्या चार ते सहा आठवडे जगतात, तीस दिवसांत बऱ्याच मरतात, सगळ्या नाही. दोन गोष्टी मदतीला येतात. अळ्या बहुतेक खालच्या चार-पाच बोटांतच असतात, म्हणून १० सेंटिमीटरखाली चरू न देणं हे गवताइतकंच वासराच्या पोटासाठीही आहे. दुसरं, कप्प्यात आधी वासरं घाला, ती गेल्यावर मोठ्या गायी. मोठ्या जनावराला या कृमींची बरीच प्रतिकारशक्ती असते, ते उरलेल्या अळ्या गिळून रान साफ करतं. उलट क्रम लावला तर वासरांना उष्टं गवत आणि गायींच्या अळ्या, दोन्ही मिळतात.

औषध जूनमध्ये पाऊस बसल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पावसाळा सरताना एकदा. मधे शेण तपासून. पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणाचा नमुना तपासून मिळतो, आगपेटीएवढा ताजा नमुना पुरे. फेनबेंडाझोल किलोमागे ५ मिलिग्रॅम, अल्बेंडाझोल साडेसात. १३० किलोच्या वासराला १०० किलोचा डोस दिला तर जंत मरत नाहीत, औषध पचवायला शिकतात. म्हणून आधी वजन. अल्बेंडाझोल गाभण जनावराला सुरुवातीच्या महिन्यांत द्यायचं नाही. आयव्हरमेक्टिन सरसकट टोचू नका, ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं. शेणकिडे नसले की शेणाचा पो तसाच वाळून पडतो आणि त्याभोवतीचं गवत वासरं शिवत नाहीत.

गोचिडांना मात्र कप्प्यांनी काही होत नाही. त्यांची पिल्लं गवतावर न खाता महिनेच्या महिने थांबतात. त्यासाठी कोठ्याच्या भिंतींच्या फटी, गव्हाणीचा खालचा भाग, आणि जनावराच्या कानात, शेपटीखाली, कासेजवळ हात फिरवून पाहणं, हेच खरं काम.

लसी: घटसर्प आणि फऱ्या मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी. फऱ्या सहा महिने ते दोन वर्षांच्या, आणि नेमक्या अंगाने भरलेल्या, छान वाढणाऱ्या वासरांनाच धरतो. चराई सुधारली म्हणून लस टाळण्यासारखं दुसरं नुकसान नाही. लाळ-खुरकूत चार महिन्यांपासून, महिन्याने बूस्टर, पुढे सहा-सहा महिन्यांनी. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या आत ब्रुसेलाची लस एकदाच. तुमच्यातल्या मोठ्या कालवडींची ती वेळ गेली, लहानांची आहे.

पांदणवाट

वाढ किती धरावी हा मूळ प्रश्न मागेच राहिला. आधी मोजायचं कसं ते. काटा नसेल तर टेप: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०. उदाहरणार्थ घेर ११०, लांबी ९५: उत्तर १०६ किलो. सकाळी पाणी पाजण्याआधी, चारी पाय सपाट जमिनीवर, मान सरळ, दर महिन्याला एकाच माणसाने. घेरात दोन सेंटिमीटरची चूक म्हणजे वजनात जवळपास चार किलो, म्हणजे महिन्याच्या वाढीतला मोठा हिस्सा. त्यामुळे एका महिन्याच्या आकड्यावरून काही ठरवू नका, तीन महिन्यांची रेघ पाहा.

आता गवळाऊची गाय पूर्ण वाढून ३०० ते ३५० किलोची होते. कालवड भरवायची ती मोठ्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर, म्हणजे २०० किलो. जन्माचं वजन २० धरा. मधे १८० किलो कमवायचे आहेत.

मोकळ्या चराईवरच्या वासराचं वर्ष असं धरून पाहा. जुलै ते ऑक्टोबर रोज ४०० ग्रॅम: ४९ किलो. नोव्हेंबर ते जानेवारी २२० ग्रॅम: २० किलो. फेब्रुवारी-मार्च १२० ग्रॅम: ७ किलो. एप्रिल ते जून रोज १५० ग्रॅम घट: १४ किलो वजा. वर्षाची कमाई ६२-६३ किलो. १८० किलोंना चौतीस-पस्तीस महिने लागले, पुढे गाभणकाळ नऊ. पहिलं वेत चौवेचाळीस महिन्यांवर. 'देशी गाय उशिराच विते' असं जे म्हणतात, ते बहुतांशी हे आहे.

आता पावसाळा तसाच ठेवा, फक्त एप्रिल ते जूनमध्ये घट होऊ न देता रोज १५० ग्रॅम वाढ धरा. वर्षाची कमाई ९० किलो. १८० किलो चोवीस महिन्यांत. दहा महिने वाचले, आणि त्यात पावसाळ्याच्या गवताचा काही वाटा नाही.

कप्पे पाडून पावसाळ्यातली वाढ ४०० ची ४५० होईल, त्याचे वर्षाला सहा किलो. उन्हाळा सांभाळला तर सत्तावीस. माझ्या मते कप्प्यांचा खरा नफा जुलैत नाही, तो त्या राखून ठेवलेल्या सव्वा एकरात आहे. कप्पे नीट चालले तरच ती जमीन मोकळी राहते. पाच एकरांत सगळीकडे गुरं फिरली तर उन्हाळ्याला काय राहील?

धुऱ्यावरचा

ताई, पन पाऊस पडला की वाळकं वासरू झपाट्यानं भरते ना. उन्हाळ्यात गेलेलं पावसाळ्यात वापस येतेच की.

पांदणवाट

येतं, पण कोणाचं? वर्षाच्या पुढचं वासरू उन्हाळ्यात थोडं रोडावलं तर पावसाळ्यात जास्त वेगाने भरतं हे खरं आहे. सहा-आठ महिन्यांच्या आतलं वासरू उपाशी राहिलं तर त्याचा सांगाडाच लहान राहतो, नंतर मांस चढतं, उंची-लांबी येत नाही. शिवाय वेगाने भरणारं ते आधीची तूट भरून काढतंय, नवीन कमावत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या वासराचा पहिला उन्हाळा दुधावर जातो, त्याला आईचे दोन सड पूर्ण सोडा. तिथे दूध काढून नंतर ढेप घालणं उलट्या धंद्याचं आहे.

कुटार

वाळलं गवत करण्याविषयी, कारण सगळं त्यावर आलं.

मारवेल निम्मं फुलोऱ्यात आलं की कापायचं. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. त्या वेळी त्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के असतात, बी पिकून पिवळं पडलं की तीन-चार. सात टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, मग वासरू पोट भरून खातं आणि तरी वाळतं. लोक परतीच्या पावसाच्या भीतीने नोव्हेंबरात कापतात, तेव्हा पेंढ्या मोठ्या दिसतात, त्यात दम नसतो. भिजण्याची भीती असेल तर सगळं एका दिवशी कापू नका, चार-चार गुंठे कापा, दोन दिवस उन्हात, एकदा उलटून, मग सावलीत रचा. मुठीत पिळून गवताची काडी कडकन मोडली पाहिजे. ओलं रचलं तर गंजी आतून तापते, बुरशी येते.

कुसळीचं वेगळं. ती फक्त कोवळी असताना, ऑगस्टपर्यंत खाण्यालायक. बी आलं की कुसळं जिभेत, हिरड्यांत, डोळ्यांत घुसतात. ज्या कप्प्यांत कुसळी जास्त आहे ते पहिल्या दोन फेऱ्यांत थोडे जास्त दाबून चरवा, तिथे उंचीचा नियम सैल केला तरी चालतो. दोन-तीन वर्षांत शेडा-पवन्या वर येतात.

धुऱ्यावरचा

मारवेल वाढवाचं असन तं बी पेरू नका, ठोंबं लावा. जून सरता सरता, पाऊस चांगला बसला की. दीड फूट बाय एक फूट. फुले मारवेल ०६-४० चे ठोंबं भेटले तं चांगलंच, नाई तं आपल्याच धुऱ्यावरचं जाड पानाचं ठोंब उपटा. पह्यल्या वर्षी त्याच्यात ढोर घालाचंच नाई, कापून टाकाचं. आन बरडावर स्टायलो फेका, एकरी दोन-अडीच किलो. त्याच्या बीचं टरफल कडक रायते, उकळी याच्या आधीच्या पान्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढलं तं उगवते. थे शेंगावर्गी हाय, गवताच्या जोडीनं खाल्ली तं ढेप कमी लागते. पोट नाई फुगत त्यानं.

बरडमाळ

एप्रिल ते जूनचा खुराक किती धरू? सव्वा एकरातून किती गवत निघेल?

कुटार

काळीत राखलेल्या मारवेलातून एकरी दोन टन सुकं धरा, सव्वा एकरात अडीच टन. आठ वासरं तोवर १६० किलोची झाली असतील, रोज साडेचार किलो खातील, ३६ किलो. एक्याण्णव दिवसांचे ३३०० किलो. आठशे किलो कमी पडतात, ते तूर आणि हरभऱ्याच्या कुटाराने भरा. तुरीचं कुटार सोयाबीनपेक्षा चांगलं, पाला आणि शेंगांची टरफलं असलेलं. सोयाबीनचं घेतलंच तर चाळून घ्या, काड्या वासरं टाकून देतात.

वर रोज प्रत्येकी सरकी ढेप ४०० ग्रॅम, तूर चुनी ४०० ग्रॅम, खनिज मिश्रण २५ ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम. ढेपेवर वाढवायचं नाही म्हणालात ते ठीक, पण हे वर्षातले तीन महिने आहेत. बाकी नऊ महिने खनिज आणि मीठ एवढंच द्या.

डॉ_कोठा

एक दुरुस्ती. सरकी ढेप चार महिन्यांखालच्या वासरांना नको. सरकीत गॉसिपॉल असतं, पोट पूर्ण तयार न झालेल्या वासराला ते बाधतं, हृदयावर आणि यकृतावर. इथली सगळी सातच्या पुढची आहेत, त्यांना ४०० ग्रॅम चालेल. लहानांना शेंगदाण्याची किंवा जवसाची ढेप. आणि ढेप फोडून आत पाहा, काळी-हिरवी बुरशी असेल तर फेकून द्या. भिजवल्याने बुरशीचं विष जात नाही.

माती, चिंध्या, प्लास्टिक चघळणारं वासरू दिसलं तर फॉस्फरस कमी पडतोय आणि पोटात जंत आहेत, या दोन्हीपैकी एक तरी धरून चाला. जास्त करून दोन्ही असतात.

झाडीपट्टी

इकडे गडचिरोली-गोंदियाच्या बाजूला कठाणी जात आहे, अंगाने गवळाऊहून लहान. वरचे वजनाचे आकडे तिला लावू नका, पण टक्केवारी तीच लागते. इकडे पावसाळ्यात बांध्यांत (भातखाचरांत) धान असतं, चराई बांधांवर आणि जंगलाच्या कडेला. कप्पे पाडायला जागा नसते. जमतं ते दोनदा: धान निघाल्यावर बांध्यांत, आणि जिथे उभ्या धानात लाखोळीचं (लाख डाळीचं) बी फेकतात तिथे तिचं कुटार हाती आल्यावर.

आमची अडचण यकृतकृमी. बांधीतल्या, बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) गोगलगायींतून येतो. जबड्याखाली पाणी उतरतं, शेण पातळ होतं, वासरू खात असूनही पाठ निघते. गोलकृमीच्या औषधाने हा जात नाही. ऑक्सिक्लोझानाइड लागतं, डोस डॉक्टरांनी सांगावा. बोडीच्या काठचं गवत कापूनही लगेच हिरवं घालू नका, वाळवून घाला.

तणसाचं (धानाच्या पेंढ्याचं): १०० किलो तणसाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर थर देत शिंपडायचं, पायाने दाबून प्लास्टिकने हवाबंद, २१ दिवस. उघडल्यावर तासभर वास उडू द्यायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. युरिया विरघळला नाही आणि खडा पोटात गेला तर जनावर हातचं जातं. त्या ड्रममधलं पाणी कुणी पिणार नाही याचीही काळजी घ्या.

वाफसा

काळ्या जमिनीविषयी राहून गेलं. झड लागली की काळीतल्या कप्प्यांत वासरं घालू नका. खूर चार बोटं रुतायला लागला की बाहेर काढा. तुडवलेल्या चिखलात मारवेलचे फुटवे गाडले जातात, वाळल्यावर ती जमीन विटेसारखी होते. बरडावरचा एक कप्पा 'बिघडला तरी चालेल' म्हणून राखा. सलग पाऊस असेल तेव्हा तिथे ठेवून वरून कापलेला चारा टाका. वासरांचे खूरही कुजत नाहीत.

डॉ_कोठा

नोव्हेंबरात कप्पे संपले की लोक शेजारच्या वावरात सोडतात, म्हणून दोन धोके. ज्वारी कापल्यावर खोडव्याला जे कोवळे फुटवे येतात त्यांनी किरळ (विषबाधा) लागते. गुडघ्याएवढे, गर्द हिरवे फुटवे सगळ्यात वाईट. वासरू अर्ध्या तासात धापा टाकून पडतं. इलाज आहे, पण डॉक्टर पोचेपर्यंत वेळ राहत नाही. दुसरं, पऱ्हाटीत (कपाशीत) शेवटच्या वेचणीनंतर चारायचं असेल तर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे मालकाला विचारल्याशिवाय नाही.

पांदणवाट

चराईच्या वेळेचंही लिहून ठेवते. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी कडुनिंब किंवा मोहाखाली, पाणी समोर. १६० किलोच्या वासराला त्या दिवसांत १५ लिटरच्या पुढे पाणी लागतं. उन्हात उभं राहिलेलं वासरू चरत नाही, फक्त धापतं. दिवसाला सहा-आठ किलोमीटर चालवून आणण्यात जो खुराक जळतो तो ढेपेने भरून काढणं महाग पडतं, म्हणून मे महिन्यात ई-क्लासवर (सरकारी गायरानावर) न नेता घरीच गवत टाकलेलं बरं. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलालगत असाल तर संध्याकाळची चराई अंधाराआधी संपवा, रात्री वासरं बंद कोठ्यात.

बरडमाळ

सहा पक्के कप्पे आणि सरकती तार, असं धरतो. शेवटचं एक: गोऱ्हे आणि कालवडी एकत्रच फिरवायच्या का? आणि गोऱ्हे खच्ची कधी करावे?

डॉ_कोठा

आता एकत्र चालतील. मोठा गोऱ्हा दीड वर्षाच्या जवळ आला की वेगळा काढा. देशी गोऱ्हा उशिरा वयात येतो, पण खुराक सुधारला की लवकर येतो, आणि १५० किलोची कालवड गाभण राहिली तर तिची वाढ तिथेच थांबते, विताना अडते ते वेगळंच.

बैलकामासाठी ठेवायचा असेल तर दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, मान आणि खांदा भरायला लागल्यावर खच्ची करा. फार लवकर केलं तर मान बारीक राहते, जू नीट बसत नाही. बर्डिझोच्या चिमट्याने, हिवाळ्यात, माश्या कमी असताना. तिघांपैकी एखादा खांदा, पाय आणि चाल यांनी चांगला निघाला तर त्याला खच्ची करण्याआधी हेटीकुंडीच्या पैदास केंद्रात विचारून पाहा. त्यासाठी आईचं दूध आणि वेतांची नोंद लागेल, ती आजपासून वहीत लिहायला घ्या.